शेळ्यांनी खाल्लेला पाचवा मजला

"तुमाला खरं वाटणार न्हाई," एवढं बोलून भिवाजी कंपाउंडर थांबत. समोरचा माणूस "काय?" म्हणेपर्यंत पुढचा शब्द बाहेर पडत नसे.

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या एसटी थांब्याला लागूनच त्यांचं घर, घरापुढं ओटा, ओट्यावर सावली. हिंगोलीची गाडी वेळेवर आल्याचं कोणाला आठवत नव्हतं, त्यामुळं भिवाजींना ऐकणाऱ्यांची टंचाई कधी पडली नाही. गुरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांची नोकरी. बैलाचं तोंड वर करून बांबूच्या नळीनं औषध पाजण्यात उमर गेलेली, तेव्हा माणसाच्या कानात गोष्ट ओतणं त्यांना कितीसं जड जाणार?

"तुमाला खरं वाटणार न्हाई गुरुजी, पर शहात्तर साली ह्याच जागेवर सात मजली इमारत हुती. आन् लाइटीच्या एका तारेबिगर ती भर वैशाखात गार हुती."

सात म्हणजे, पाहुणे परके असले तर सात. तालुक्यातले असले तर पाच. गावचीच माणसं बसलेली असली तर भिवाजी मजल्यांचा विषयच काढत नसत, सरळ गारव्यापासून सुरुवात करत. त्या दिवशी ओट्यावर आखाडा बाळापूरचे एक गुरुजी पिशवी मांडीवर घेऊन गाडीची वाट पाहत बसले होते, म्हणून सात. दारात भिवाजींची बायको जनकाबाई सुपात तूर पाखडत होती. नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याला तिचं सूप एकदा वर जाई आणि खाली येई. बोलत मात्र नव्हती.

गोष्टीचं मूळ होता सोनाजी. हा जनकाबाईचा धाकटा भाऊ. मुंबईत समुद्राच्या काठाला बावीस मजल्यांची काचेची नवी कचेरी उठली होती, तिथं तो लिफ्टमन. दिवसभर स्टुलावर बसून आभाळाला शिवून यायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. उन्हाळ्यात सुट्टीवर आला की तो भिवाजींच्या घरात मान खाली घालून शिरायचा. दरवाजा चांगला पुरुषभर उंच होता, तरी. हे भिवाजींच्या काळजाला लागायचं.

"दाजी," सोनाजी म्हणायचा, "आमच्या बिल्डिंगीत सायेब लोकं मे महिन्यात स्वेटर घालून बसतात. हितं तर बनियन टोचून राहिली."

यात घराची चूक नव्हती, भिवाजींची होती. घराला आधी माळवद होतं. जाड भिंती, लाकडाच्या तुळया, वर हातभर मातीचं धाबं, असं मराठवाड्यात घर असतं तसं घर. पण गावात पहिले पत्रे आपल्या घरावर पडावेत या हौसेपायी भिवाजींनी माळवद उतरवलं आणि पत्रे ठोकले. गाव आठ दिवस वर बघत जात होतं. त्यानंतर ऊन वाढलं, आणि भिवाजी स्वतः वर बघायला लागले. दुपारी बारानंतर पत्र्याखाली ठेवलेलं दूध चुलीशिवाय नासायचं. जनकाबाईचं अंग घामोळ्यानं भरून जायचं, कपाळ ठणकायचं. भिवाजी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला बजावायचे की जनावर सावलीत बांधत जा, आणि त्यांच्या घरचं माणूस फडकं ओलं करून डोक्यावर घेऊन बसलेलं असायचं.

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात सोनाजी म्हणालाच, "अक्का, ह्या भट्टीत काहून मरून राहिली? पुढल्या उन्हाळ्यापासनं दर साल माझ्याकडं चल. वैशाख-जेष्ठ तिकडं काढ."

आणि जनकाबाई म्हणाली, "येते."

एकदाच म्हणाली. पण ती एकदा जे म्हणते ते होतं, हे भिवाजींना लग्नापासून ठाऊक. उन्हाला भिऊन कंपाउंडरची बायको भावाकडं पळाली, असं थांब्यावरची माणसं दर साल म्हणणार. गुरं आणणारेही म्हणणार. कदाचित गुरंही.

"दर साल न्यायला ती काय पालखी हाय?" भिवाजी कडाडले. "तू पुढल्या वैशाखी पुनवेला ये. तुझ्या बिल्डिंगीसारखी उंच इमारत उभी करून दावतो. तिच्यात तू भर दुपारी स्वेटर मागितला न्हाईस, तर तुझ्या अक्काला मी माझ्या हातानं एसटीत बसवून देतो."

"उंच काहून?" जनकाबाईनं विचारलं.

सोनाजी उंचावरून बोलत होता, म्हणून उंच.

आता उंच म्हटलं की सिमेंट आलं, आणि सिमेंट म्हटलं की परमिट. त्या काळी सिमेंट बाजारात नव्हतं, ते सरकारच्या मनात असायचं. भिवाजी धुतलेलं धोतर नेसून हिंगोलीच्या कचेरीत गेले.

"किती मजले?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"सात."

"दवाखाना हाय का?"

"घर हाय."

"कोणाचं?"

"माझं."

आता मान वर झाली. कारकून लेखणी खाली ठेवून टेबलावर पुढं झुकला. मग मायेनं म्हणाला, "कंपाउंडर, दोन मजल्यांच्या वर आमाला अधिकार न्हाई. तुमी परभणीला जाल. परभणीवाले म्हणतील, औरंगाबादला जा. औरंगाबादवाले म्हणतील, मुंबईला जा. त्यापरीस तुमी असं करा, घर मुंबईलाच बांधा."

तरी रिकाम्या हातानं पाठवणं बरं दिसेना म्हणून त्यानं संडासाच्या भांड्याभोवती लावायला एक गोणी मंजूर केली. ती गोणी बैलगाडीतून आणताना कयाधू नदीच्या उतारात घसरली आणि डोहात पडली. बाहेर काढेपर्यंत तिचा धोंडा झाला होता. गोणीच्या शिवणीसकट! भिवाजी सांगत की त्या धोंड्यावर बाया अजून धुणं धुतात आणि एवढं स्वच्छ धुणं जिल्ह्यात कुठं निघत नाही. सात मजली इमारतीला लागलेलं एकूण सिमेंट ते एवढंच.

मग भिवाजी घरी आले, पत्रे काढले, आणि परसातल्या मातीकडं पहिल्यांदा आदरानं पाहिलं. खालच्या मजल्यांना पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती. जसजसं वर जाल तसतसं हलकं, म्हणून वरच्या मजल्यांना तुराट्यांचे कूड, आतून-बाहेरून लिंपलेले. तुळया शेतातल्या वाळलेल्या लिंबाच्या. सगळा माल बैलगाडीच्या टप्प्यातला. बाहेरून फक्त सल्ले आले, आणि तेसुद्धा पायी.

एकजण म्हणाला, वरच्या मजल्यावर म्हातारं माणूस ठेवू नका, हाका मारल्या तर खाली ऐकू येणार नाहीत. दुसरा म्हणाला, म्हणूनच ठेवा. एका म्हातारीनं विचारलं की एवढ्या उंचावर पाहुणा आला तर त्याला खालीच पाणी द्यायचं का वर गेल्यावर. यावर दोन दिवस वाद झाला.

सरपंच स्वतः आले. इमारतीभोवती एक फेरा मारला आणि आवाज खाली करून म्हणाले, "कंपाउंडर, तुमी शाने हायत. मारुतीच्या कळसाच्या वर जाऊ नका. तुमच्या समाजाच्या माणसानं वर गेल्यालं बरं दिसत न्हाई."

"सरपंच," भिवाजी म्हणाले, "देवळामागचा पिंपळ कळसाच्या वर जाऊन दोन पिढ्या झाल्या. त्याला नोटीस दिली का?"

"ते झाड हाय."

"मग माझं तरी काय हाय? माती हाय न् काड्या हायत. पानं फुटायचीच ऱ्हायली."

सरपंच पिंपळाकडं बघत निघून गेले. भिवाजींच्या आयुष्यात हे वाक्य सर्वांत चांगलं जमलेलं. पण वाक्य फार चांगलं जमलं की ते खरं होतं, ही जोखीम त्यांनी लक्षात घेतली नव्हती.

कारण शेजारी होता वसराम. वसरामनं तरुणपणी येलदरीच्या धरणावर रबरी नळी धरायचं काम केलं होतं. तेव्हापासून गावातला इंजिनिअर तोच. भिवाजींचा सातवा मजला चढला त्या दिवशी तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बांधली चांगली. आता पानी मारा."

"मातीला?" जनकाबाईनं तोंडाला पदर लावला. "अवो, चिखल हुईल!"

"धरनाचा झाला का चिखल?" वसरामनं विचारलं. "सायेब म्हनायचे, भिंत बांधायला कोनी बी बांधतो, पानी मारनारा पायजे. पंधरा दिवस पानी न्हाई मारलं तर धरन तडकतं."

धरणाचा दाखला आल्यावर भिवाजींसारख्या शिकलेल्या माणसाचं काही चालेना. मात्र त्यांनीही आपली अक्कल लावली. नळीऐवजी दवाखान्यातला गोचीड मारायचा फवारणीचा पंप आणला. त्यातून पाणी असं बारीक निघायचं की भिंतीची अंघोळ व्हायची, पण भिंत वितळायची नाही. सकाळी एक मजला, संध्याकाळी दुसरा. गोरेगावच्या गोचिडांना त्या वर्षी सुट्टी मिळाली.

आणि एका सकाळी दुसऱ्या मजल्याला मिसरूड फुटलं.

भिवाजींना वाटलं, बुरशी असेल. जवळ जाऊन बघतात तर कोवळे हिरवे कोंब! लिंपणाच्या मातीत भुसकट मिसळतात, हे कोणालाही ठाऊक आहे. पण त्या साली मळणीला माणसं मिळाली नव्हती, घाईत मळलेलं, निम्मं धान्य भुसकटातच राहिलेलं. तेच भुसकट चिखलात तुडवून भिंतीला थापलं, त्यावर वसरामच्या सल्ल्यानं दोन वेळचं पाणी. उगवणार नाही तर काय? आठवड्यात सात मजले हिरवेगार झाले. दुसऱ्याला ज्वारी, पाचव्याला हरभरा, सहाव्याला अंबाडी. जनकाबाई जिन्यात उभी राहून खिडकीतून हात बाहेर काढायची आणि भाजी खुडायची. शेजारणी खालून ओटी पसरून उभ्या राहायच्या.

"गुरुजी, मुंबईत भाजीवाला इमारतीखाली येतो," भिवाजी म्हणाले, "माझी इमारतच भाजीवाली झाली."

जनकाबाईचं सूप क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू झालं.

पीक म्हटल्यावर तलाठी आला. त्यानं वर पाहिलं, कागदाकडं पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. जागा दोन बाजा टाकण्याएवढी आणि पीक सात मजले. "कंपाउंडर, जमीन आडवी मोजू का उभी?" असं त्यानं रडवेल्या आवाजात विचारलं. नियमात उभ्या शेताची सोय नव्हती. त्यानं साखळी गुंडाळली आणि प्रकृतीच्या कारणावरून रजा टाकली.

इथपर्यंत सगळं चढतं होतं. मग आल्या लिंबाजीच्या शेळ्या.

लिंबाजी धनगराचा कळप रोज थांब्यावरूनच जायचा. शेळीला उंचावरचं हिरवं दिसलं की ती जमिनीची राहत नाही. एका दुपारी भिवाजी दवाखान्यातून येतात तर आभाळातून 'बें बें' ऐकू येतंय. वर पाहिलं. पाचव्या मजल्याच्या चारही बाजूंनी शेपट्या हलत होत्या. शेळ्यांनी आधी हरभरा खाल्ला, मग मुळं खाल्ली, मुळांना धरून असलेलं लिंपण पडलं, आत तुराट्यांना वाळक्या शेंगा होत्या त्या खाल्ल्या, आणि शेंगांच्या नादात तुराट्याही. भिवाजी वर पोचेपर्यंत पाचव्या मजल्याचे फक्त खांब उरले होते आणि सहावा-सातवा त्यांच्यावर डोक्यावरच्या भरल्या टोपलीसारखा तोलून उभा होता.

"लिंबाजी! तुझ्या शेळ्यांनी माझा पाचवा मजला खाल्ला!"

"मग?" लिंबाजी उलटा तापला. "तुमच्या मजल्यानं माझ्या शेळ्यांची पोटं फुगून राहिली, त्याचं काय? इमारती अशा खायच्या वस्तूच्या बांधतात व्हय? चला, औषध द्या!"

ज्याचा मजला गेला त्यानंच चोरांना गोडेतेल पाजत संध्याकाळपर्यंत बसायचं, हा प्रसंग कोणावर येऊ नये. भिवाजींचा मान त्या दिवशी शेळ्यांच्या ढेकरांबरोबर गेला होता.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी घरात पाऊल टाकलं तर अंगावर काटा आला. पाचवा मजला मोकळा झाल्यानं तिथून वारा आत शिरत होता, ओल्या हिरव्या भिंतींना घासून जिन्यातून खाली उतरत होता आणि तळमजल्यावर चुलीची राख उडवत होता. इमारतीला नाक फुटलं होतं! भिवाजींनी लिंबाजीला बोलावून चहा पाजला.

वैशाखी पुनवेला सकाळी सोनाजी उतरला. दुपारच्या गाडीनं बहिणीला घेऊन परत जायचं ठरवूनच आलेला. जनकाबाईची थैलीही भरलेली होती. तिनं शब्द दिला होता, आणि नवऱ्याची इमारत गार आहे की नाही ते ठरवायचं काम तिचं नव्हतं, स्वेटरचं होतं.

"जय भीम, दाजी," म्हणत सोनाजीनं मान वर केली. ती मान या घरापुढं पहिल्यांदाच वर गेली. टोपी पडली. पण लिफ्टमन तो लिफ्टमनच. टोपी झटकून म्हणाला, "उंच हाय. पर लिफ्ट कुठं हाय? बिनलिफ्टीच्या इमारतीत मी चढत न्हाई. माझ्या नोकरीचा अपमान हाय त्यो."

भिवाजी याचीच वाट बघत होते. मोटेचं चाक सातव्या मजल्यावर आधीच बसवलेलं. त्यावरच्या नाड्याच्या एका टोकाला बाजलं बांधलं, बाजल्यावर सोनाजीला बसवलं, आणि दुसऱ्या टोकाला बैलजोडी जुंपली. बैल विहिरीवर चालतात तसे चालले आणि सोनाजी वर निघाला. सवयीनं त्याचं तोंड सुरू झालं, "पयला मजला... उतरणारे उतरा... दुसरा मजला..."

आता थांब्यावर वाढलेल्या बैलांची एक खोड. दिवसभर एसटी ऐकून-ऐकून त्यांना कंडक्टरच्या घंटीची सवय झालेली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. सोनाजी पाचव्या मजल्यापाशी पोचला आणि हिंगोलीची गाडी आली. कंडक्टरनं एक घंटी दिली. बैल थांबले.

उरलेल्या दोन घंट्या द्यायला कंडक्टर शुद्धीवर नव्हता. तो पायरीवर उभा राहून आ वासून वर बघत होता. ड्रायव्हर बघत होता. गाडीतली माणसं एका अंगाच्या खिडक्यांना लोंबकळली होती. खाली धुळीतून वाफा निघत होत्या, आणि वर शेळ्यांनी खाल्लेल्या मजल्याच्या बरोबर तोंडाशी मुंबईचा लिफ्टमन बाजल्यावर गोल फिरत होता. त्याच्या एका कानात वारा शिरून दुसऱ्यातून निघत होता. वरच्या अंबाडीवरून आदल्या सांजेच्या पाण्याचे थेंब त्याच्या मानेत पडत होते.

"कसं काय, सोनाजी?" भिवाजींनी खालून विचारलं.

"ब-बरं हाय, दाजी."

"बावीस मजल्यांवानी वाटून राहिलं का?"

बराच वेळ वरून फक्त दात वाजल्याचा आवाज आला. मग साऱ्या थांब्यानं, गाडीतल्या माणसांनी, सरपंचांनी, वसरामनं, लिंबाजीनं आणि त्याच्या शेळ्यांनी स्पष्ट ऐकलं,

"दाजी... स्वेटर हाय का कोनाचा?"

भिवाजी सांगत की त्या क्षणी त्यांची स्वतःची उंची चार बोटं वाढली आणि नंतर ती कमी झाली नाही. वैशाखातल्या दुपारी, विजेच्या तारेशिवाय, सरकारच्या एका चिमटीएवढ्या सिमेंटशिवाय, गावच्या मातीनं आणि गावच्या चुकांनी मुंबईला हुडहुडी भरवली होती. लिंबाजीनं आपली घोंगडी काढून काठीला लावून वर पोचवली.

आखाडा बाळापूरच्या गुरुजींनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मग हळूच मागं वळून त्यांनी घराकडं पाहिलं. जाड भिंती, वर मातीचं माळवद, माळवदावर पोटमाळ्यासारखी एक खोली.

"कंपाउंडर," ते म्हणाले, "मग बाकीचे मजले गेले कुठं?"

"जाणार कुठं? शेतात गेले." भिवाजींना या प्रश्नाची धास्ती कधीच नव्हती. "तुमच्या मुंबईची इमारत पाडायची म्हणलं तर सुरुंग लागतो, वर दगड-विटा टाकायला जागा धुंडाळा. माझी पावसाळ्यात आपल्या पायांनी उतरली. वरची माती खाली आली, तुराट्या चुलीत गेल्या, लिंबाच्या तुळयांचं औत झालं. ती माती गाडीनं रानात नेली. त्या साली ज्वारीचं कणीस असं आलं की काढायला शिडी लावली. कचरा म्हणून चिमूटभर उरला न्हाई, गुरुजी. ह्याला म्हणतात इमारत."

गुरुजींनी मान डोलावली. पटलं म्हणून डोलावली की गाडी दिसते का ते बघायला हलली, सांगता येत नाही. मग त्यांनी दाराकडं बघून विचारलं, "आन् बाई? त्या गेल्या का मग मुंबईला?"

भिवाजींनी पाठ ताठ केली. खरं म्हणजे गोष्ट इथं संपायची. पण गुरुजी शिकलेले होते, दुपार चांगली गार होती, आणि माणूस विजयाच्या भरात एखादा मजला जास्त चढवतोच.

"गेली? अवो, कंडक्टरनं हाक मारली, 'बाई, येता का?' हिनं थैली आपटली खाली. साऱ्या गाडीसमोर माझ्याकडं बोट करून म्हणली, 'मुंबईत बावीस मजले असतील, पर असा नवरा एका बी मजल्यावर घावायचा न्हाई! मी ह्यांना सोडून कुठं जायची न्हाई!' आन् पदर डोळ्याला लावला. कंडक्टर सुदिक रडला."

सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. जनकाबाई उंबऱ्यात उभी राहिली होती.

"खोटं!" ती म्हणाली. आवाज थांब्याच्या पलीकडं गेला. "सात मजले म्हणलात, मी गप बसले. शेळ्यांनी तुराट्या खाल्ल्या म्हणलात, गप बसले. माझ्या सख्ख्या भावाला बाजल्यावर टांगला, तरी म्हणलं जाऊ द्या, गुरुजींची गाडी यायची हाय. पर हे मी कवा म्हणलं? गुरुजी, ऐका. मी कंडक्टरला म्हणलं, 'जा बाबा तू. हे सकाळधरनं बैलं न् चाक करत फिरून राहिले, भिंतीला पाणीच मारलं न्हाई यांनी. मी गेले तर सांजच्याला समदी अंबाडी मान टाकील.' आन् थैली ठेवून मी पंप उचलला!"